सांताक्लॉज मूळचा कुठला? नातवाच्या चार वाक्यांसाठी मदत हवी

दांडियाबाजारकर

माझा नातू दुसरीत शिकतो. येत्या शुक्रवारी त्याच्या शाळेत नाताळचा कार्यक्रम आहे आणि वर्गातला सर्वांत गुबगुबीत मुलगा म्हणून बाईंनी त्याला सांताक्लॉज केले आहे. वेषाचा प्रश्न दोन दिवसांत सुटला. इथल्या, बडोद्याच्या मंगळबाजारातून लाल साटीन आणले, औषधांच्या दुकानातून कापसाची गुंडाळी आणली, मलमलीच्या जुन्या पट्टीवर मैद्याच्या खळीने तो कापूस चिकटवला, आणि ती दाढी सध्या गच्चीत दोरीवर वाळत आहे. शेजारच्या काकूंनी ते काय आहे असे दोनदा विचारून झाले. खरी अडचण वेगळी आहे. नुसते टोपी घालून उभे राहायचे नाही, तर सांताविषयी चार वाक्ये बोलायची आहेत, आणि ती चार वाक्ये कोणती असावीत यावरून आमच्या घरात आठवडाभर खल चालू आहे.

मी त्याला माझ्या वडिलांकडून ऐकलेली गोष्ट सांगितली, की फार पूर्वी निकोलस नावाचा एक तुर्की बिशप होता आणि तो गरिबांच्या घरात रात्री गुपचूप पैसे टाकून जात असे. ती ऐकून जावई जेवता जेवता म्हणाले, "आई, ही गोष्ट मागाहून चिकटवलेली आहे. लाल डगल्याचा म्हातारा एका अमेरिकन शीतपेयाच्या कंपनीने जाहिरातीसाठी बनवला, म्हणून तर त्याचा रंग बाटलीवरच्या पट्टीचा आहे." दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर आला. त्यात सांता म्हणजे उत्तर युरोपातला ओडिन नावाचा जुना देव असून ख्रिस्ती लोकांनी त्याला नवे कपडे चढवले, असे ठासून लिहिले होते. नातवाने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आजी, मग शुक्रवारी मी नक्की कोण होणार आहे?"

त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नाही. निकोलस खरोखर होऊन गेला का, त्याचा दिवस डिसेंबरच्या सुरुवातीला येतो असे वाचले ते खरे असेल तर तो पंचवीस तारखेला कसा येऊन पोहोचला, आणि लाल रंग कुणाचा, एवढे तरी जाणकारांनी कृपया सांगावे. फॉरवर्ड नकोत, ते माझ्याकडे पुष्कळ आहेत.

जुनी_पाने

ताई, आपल्या वडिलांची गोष्ट पायाशी खरी आहे, मात्र तिच्यातला एक शब्द बदलावा लागेल. निकोलस तुर्की नव्हता. तो चौथ्या शतकात मायरा या गावी बिशप होता. मायराचे अवशेष आज तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, अंताल्या प्रांतातील देमरे या गावापाशी आहेत, पण तुर्क लोक त्या भूमीत येऊन स्थिरावण्याला त्याच्या काळापासून सुमारे सातशे वर्षे अवकाश होता. त्याच्या हयातीत तो रोमन साम्राज्याचा ग्रीक बोलणारा मुलूख होता. जन्म जवळच्या पातारा बंदरातला आणि मृत्यू, परंपरेप्रमाणे, ६ डिसेंबर ३४३ चा, म्हणून ६ डिसेंबर हा त्याचा दिवस.

इतिहास म्हणून यापुढे जपूनच बोलावे लागते. त्याने स्वतः लिहिलेली एक ओळही आज उपलब्ध नाही, आणि त्याचे पहिले सविस्तर चरित्र नवव्या शतकात, म्हणजे जवळपास पाचशे वर्षांनी लिहिले गेले. ज्ञानेश्वरांविषयी पेशवाईच्या अखेरीपर्यंत कुणी काहीच सविस्तर लिहिले नसते आणि मग एखाद्याने ऐकीव गोष्टी गोळा करून चरित्र रचले असते, तर त्यातले किती धरावे आणि किती सोडावे हा जो पेच पडला असता, तोच इथे आहे.

तरीही त्या चरित्रातली एक गोष्ट अशी आहे की जिच्यावाचून सांता संभवत नाही, आणि ती आपल्याकडे कुणालाही समजावून सांगावी लागत नाही, कारण ती हुंड्याची गोष्ट आहे. एका खालावलेल्या घरात तीन मुली लग्नाच्या होत्या. हुंडा देण्याची ऐपत राहिली नव्हती, हुंड्याशिवाय लग्ने होणार नव्हती, आणि मुलींना विकण्याखेरीज मार्ग नाही अशा टोकाला बाप आला होता. निकोलसला हे कळले तेव्हा त्याने रात्री त्या घराच्या खिडकीतून सोन्याच्या नाण्यांची थैली आत टाकली. थोरलीचे लग्न झाले. काही दिवसांनी दुसरी थैली पडली आणि मधलीचे झाले. तिसऱ्या खेपेला मात्र बाप जागत बसला. थैली पडल्याचा आवाज होताच तो धावत सुटला, त्याने त्या माणसाला गाठले आणि पाय धरले. निकोलसने त्याला अट घातली, की मी जिवंत आहे तोवर हे कुणालाही सांगायचे नाही.

रात्रीची वेळ, घरात शिरणारी पण देणाऱ्याचे तोंड न दाखवणारी भेट आणि ती कोण देतो हे पाहण्यासाठी जागे राहणारा माणूस, हे तिन्ही इथेच आले आहेत. पुढच्या सांगणाऱ्यांनी खिडकी बंद करून टाकली आणि थैली धुराड्यातून सोडली. मग ती खाली कुठेतरी पडायला हवी, म्हणून चुलीशी वाळत घातलेला मोजा आला. चित्रांमध्ये या तीन थैल्यांचे तीन सोनेरी गोळे झाले, आणि युरोपात दागिने गहाण ठेवून घेणाऱ्या सावकारांच्या दुकानांवर तीन गोळे टांगलेले असतात, ते त्याचेच चिन्ह असल्याचे सांगतात. गरिबाची मुलगी सोडवणाऱ्या संताचे चिन्ह सावकाराच्या दारावर लागावे, यावर काय बोलावे!

निकोलस खलाशांचाही रक्षक मानला जाई, आणि त्याची कीर्ती किनाऱ्याकिनाऱ्याने पसरण्याचे ते मोठे कारण आहे. १०८७ मध्ये इटलीतील बारी शहराच्या खलाशांनी मायराच्या चर्चमधून त्याच्या अस्थी उचलल्या आणि ९ मे रोजी त्या बारीला पोहोचवल्या. सरळ सांगायचे तर चोरल्या, पण त्या काळी संताच्या अस्थी आणणे म्हणजे शहराला यात्रा, बाजार आणि मान मिळणे होते. बारीमध्ये त्यांच्यावर बांधलेले मोठे चर्च आजही उभे आहे. १९५० च्या दशकात दुरुस्तीसाठी कबर उघडली तेव्हा त्या अस्थींची शास्त्रीय मोजमापे घेण्यात आली. नंतर कवटीच्या त्या नोंदींवरून संगणकाने जो चेहरा उभा केला, त्यात नाक मोडून वाकडे जुळलेले दिसते. शुभेच्छापत्रांवर हे नाक कुणी काढलेले मी पाहिलेले नाही.

शेवउसळ

विषय गंभीर आहे याची जाणीव ठेवूनही जावईबापूंची बाजू कुणीतरी घ्यायला हवी असे वाटते. बिशपची गोष्ट हृद्य आहे, पण तो बिशप आणि अलकापुरीतल्या दुकानांबाहेर घंटा वाजवणारा पोट सुटलेला आजोबा यांच्यात मला दाढीखेरीज काहीही समान दिसत नाही. मायराचा माणूस भूमध्य समुद्राच्या काठचा, तिथे रेनडिअर कुठले? मध्ये कुणीतरी बसून हे सगळे रचलेले असलेच पाहिजे. ते कंपनीने रचले नसेल, तर कुणी रचले ते तरी सांगावे.

तैलरंग

रचणारे होते. त्यांची नावे, गाव आणि तारखाही ठाऊक आहेत, आणि कंपनी त्या रांगेत अगदी शेवटी येते. मी इथल्या ललितकला शाखेत शिकलो, त्यामुळे माझे लक्ष चित्रांकडे अधिक जाते. ते सांभाळून घ्यावे.

गाव म्हणजे न्यूयॉर्क. ते मुळात डच लोकांनी वसवले आणि १६६४ मध्ये इंग्रजांकडे गेले. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तिथल्या काही सुशिक्षित मंडळींना वाटू लागले, की आपल्या शहराची ओळख इंग्रजांपेक्षा वेगळी असावी, आणि त्यासाठी त्यांनी डच पूर्वजांना पुढे आणले. जॉन पिंटार्ड हा त्यांतला एक. त्याने उभारणीत भाग घेतलेल्या न्यूयॉर्कच्या इतिहास मंडळाने ६ डिसेंबर १८१० रोजी सेंट निकोलसच्या नावाने मेजवानी दिली आणि त्यासाठी एक चित्र छापून घेतले. त्या चित्रात निकोलस अजून पुरता बिशप आहे. बाजूला चुलीशी मोजे टांगलेले आहेत, भेट मिळालेले एक मूल हसते आहे आणि छडी मिळालेले दुसरे रडते आहे. आदल्याच वर्षी, १८०९ मध्ये, वॉशिंग्टन अर्व्हिंगने न्यूयॉर्कचा एक थट्टेखोर इतिहास लिहून डच लोकांच्या या संताला गाजवले होते. जुन्या डच वसाहतीत हा सण खरोखर किती साजरा होत असे याचे पुरावे तुटपुंजे आहेत, त्यामुळे परंपरा सापडली म्हणण्यापेक्षा ती हौसेने बांधली असे म्हणणे अधिक योग्य होईल. नाव मात्र त्याआधीच बदलू लागले होते. डच मुले ज्याला सिंटरक्लास म्हणतात, त्याचे सांताक्लॉजकडे झुकलेले रूप न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात १७७३ मध्येच छापलेले सापडते.

रेनडिअर १८२१ मध्ये आला, आणि तोही एकच. न्यूयॉर्कमध्ये छापलेल्या मुलांच्या एका लहानशा पुस्तकात म्हाताऱ्याची घसरगाडी एक रेनडिअर ओढतो आणि तो ६ डिसेंबरला न येता नाताळच्या आदल्या रात्री येतो. दोनच वर्षांनी, २३ डिसेंबर १८२३ रोजी, ट्रॉय गावच्या वृत्तपत्रात एक निनावी कविता आली. पुढे क्लेमेंट मूर या प्राध्यापकाने ती आपली असल्याचे सांगितले, यावर आजही वाद आहे. त्या कवितेत रेनडिअर आठ झाले, धुराड्यातून उतरणे आले, हसताना हलणारे पोट आले. शेवउसळ यांनी विचारलेला 'मध्ये बसून रचणारा' कुणी असेल तर तो हाच. पण या कवितेतला म्हातारा बुटका आहे, यक्षाएवढा, म्हणून तर तो धुराड्यात मावतो. त्याची गाडीही खेळण्याएवढी आहे. त्याच्या अंगावर नखशिखांत केसाळ कातडे आहे, त्याला काजळी लागलेली आहे आणि लाल रंगाचा उल्लेख कुठेही नाही.

त्याला चेहरा दिला टॉमस नास्टने. नास्ट जर्मनीतील लांडाऊ गावात १८४० मध्ये जन्मला आणि लहानपणीच न्यूयॉर्कला आला. त्याच्या मूळच्या प्रदेशात थंडीत पेल्झनिकेल, म्हणजे केसाळ कातडे पांघरलेला निकोलस, मुलांना भेटी द्यायला आणि भेडसवायलाही येत असे. ३ जानेवारी १८६३ च्या 'हार्पर्स वीकली'मध्ये नास्टने अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या उत्तरेच्या सैनिकांच्या छावणीत सांताला उतरवले, आणि त्याला चक्क तारे व पट्टे असलेला, म्हणजे राष्ट्रध्वजाचाच डगला घातला. त्यानंतर वीसहून अधिक वर्षे तो सांता काढत राहिला. बुटका यक्ष हळूहळू अंगाने भरला, त्याला कारखाना मिळाला, कोण मूल कसे वागले त्याची खतावणी मिळाली, उत्तर ध्रुवावरचा पत्ता मिळाला. साप्ताहिकात ही चित्रे काळ्या शाईत छापली जात, पण त्याच्या चित्रांची रंगीत पुस्तके निघाली तेव्हा डगला लाल झाला होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकन मासिकांच्या मुखपृष्ठांवर लाल डगला, पांढरी कड, काळा पट्टा असा सगळा थाट तयार दिसतो.

कोकाकोलासाठी हॅडन सुंडब्लोम या चित्रकाराने पहिला सांता रंगवला तो १९३१ मध्ये. तेव्हा लाल रंग कंपनीने दिला हे म्हणणे टिकत नाही. सुंडब्लोमने काय दिले, तर मापाचा माणूस. यक्ष संपला आणि गुलाबी गालांचा, शेजारच्या घरात राहत असावा असा आजोबा आला. तीस-एक वर्षे दर हिवाळ्यात तेच चित्र मासिकांतून जगभर गेले, तेव्हा इतर सगळे सांता पुसले गेले.

बडोदेकरांना हे समजायला लांब जावे लागू नये. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फतेहसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रे आपण शाळेच्या सहलीत पाहिलेली असतात. बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनीच रविवर्म्यांना सुचवले होते, की लोकांची मागणी एका हाताने पुरी होणारी नाही, तेव्हा चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात. पुढे १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईला स्वतःचाच छापखाना काढला, यंत्रे व कारागीर जर्मनीहून आणले, आणि त्यांची लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतीवर गेली. नंतर तीच चित्रे साबणाच्या जाहिरातींच्या कॅलेंडरांवरही छापली गेली. आज आपण डोळे मिटून लक्ष्मी आठवली, तर कमळावर उभी, काठाची साडी नेसलेली जी दिसते ती बरीचशी त्या छापखान्यातून आलेली आहे. म्हणून लक्ष्मी साबणवाल्यांनी निर्माण केली असे आपल्यापैकी कुणी म्हणणार नाही. जावईबापूंची गफलत एवढीच आहे, की त्यांनी कॅलेंडर पाहिले आणि त्याच्या मागची मूर्ती पाहिली नाही.

अवांतर: रूप मूळ माणसाला कसे गिळते याचा नमुना खुद्द देमरे गावात घडला. तिथल्या चौकात रशियातून भेट आलेला बिशप निकोलसचा ब्राँझचा पुतळा उभा होता. २००५ मध्ये नगराध्यक्षांनी तो हलवून त्या जागी लाल डगल्याचा सांता बसवला, कारण येणारे पर्यटक त्यालाच ओळखत होते.

आइंडहोव्हनमधला_बडोदेकर

तैलरंग यांनी न्यूयॉर्कच्या डच परंपरेविषयी शंका व्यक्त केली ती रास्त असेलही, परंतु हॉलंडमधली परंपरा अजिबात बांधीव नाही, ती मी नोकरीनिमित्त गेली नऊ वर्षे माझ्याच घरात पाहतो आहे. इथे सिंटरक्लास नाताळला येतच नाही. तो नोव्हेंबरच्या मध्याला आगबोटीने 'स्पेनहून' येतो, धक्क्यावर खरोखरचे महापौर त्याचे स्वागत करतात, आणि तो पांढऱ्या घोड्यावर बसून गावातून फिरतो. उंच, सडपातळ, गंभीर चेहऱ्याचा हा माणूस आजही बिशपच आहे. डोक्यावर बिशपचा उंच मुकुट, हातात वरून वळलेला दंड, आणि अंगावर पायघोळ झगा, लाल रंगाचा. तेव्हा लालाचा धागा कुठून आला हे शोधताना या झग्याकडेही पाहावे.

माझी मुलगी पाच वर्षांची असताना शाळेतून शिकून आली आणि झोपण्यापूर्वी आपला एक बूट खोली गरम ठेवणाऱ्या तापकाच्या शेजारी ठेवून त्यात गाजर घातले. गाजर घोड्यासाठी होते. सकाळी गाजर गेलेले असावे लागते आणि बुटात सुपारीएवढी मसाल्याची कडक बिस्किटे आणि तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराचे चॉकलेट असावे लागते. पहिल्या वर्षी मला ही पद्धत नीट ठाऊक नव्हती. मी गाजर उचलले, धुतले आणि सकाळच्या कोशिंबिरीत किसले. तिने ते ओळखले. ती बरेच दिवस घोड्याविषयी माझ्याशी बोलली नाही.

मोठ्या भेटी ५ डिसेंबरच्या संध्याकाळी, म्हणजे निकोलसच्या दिवसाच्या आदल्या रात्री उघडतात, आणि प्रत्येक भेटीबरोबर घेणाऱ्याची खोड काढणारी चार ओळींची कविता असते. बूट ठेवण्याची चाल जुनी आहे. पंधराव्या शतकात उट्रेख्त शहरातील निकोलसच्या चर्चमध्ये गरिबांसाठी बूट मांडून त्यांत दान टाकत असत.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. सिंटरक्लासचा काळ्या रंगाने तोंड माखलेला सेवक १८५० च्या एका बालपुस्तकापासून रूढ झाला, आणि त्यात गुलामगिरीच्या काळाची छाया असल्याचा आक्षेप घेऊन गेल्या दहा-पंधरा वर्षांत इथे मोर्चे निघाले. आता पुष्कळ गावांत तो सेवक तोंडाला फक्त काजळीचे पट्टे ओढतो, धुराड्यातून आला म्हणून.

फतेहगंजकर

तारखेच्या प्रश्नाचे उत्तर अजून कुणी दिलेले नाही, आणि आम्ही पिढीजात प्रोटेस्टंट असल्यामुळे ते माझ्याकडे येते. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर आणि त्याच्या अनुयायांनी संतांची पूजा नाकारली. संत गेला की त्याचा दिवस जातो, पण मुलांच्या भेटी बंद करण्याची हिंमत कोणत्याही सुधारकाला झालेली नाही. तेव्हा जर्मनीच्या प्रोटेस्टंट भागात भेटी देण्याचा मान निकोलसकडून काढून ख्रिस्तबाळाकडे देण्यात आला आणि दिवस ६ डिसेंबरवरून नाताळवर सरकला. जर्मन भाषेतल्या ख्रिस्तबाळाचे अमेरिकेत गेल्यावर उच्चार बिघडून क्रिस क्रिंगल झाले, आणि हे नाव आज सांताचेच टोपणनाव समजले जाते. ज्याला हटवण्यासाठी बाळाला आणले, त्याच्याच खिशात बाळाचे नाव गेले.

इंग्लंडचा फादर ख्रिसमस ही आणखी वेगळी व्यक्ती आहे. तो मुळात मुलांचा नव्हताच, तो मोठ्यांच्या खाण्यापिण्याचा आणि दंग्याचा मूर्तिमंत पुतळा होता. १६४० च्या दशकात कर्मठ प्युरिटन सत्तेत आले आणि त्यांनी नाताळावरच बंदी घातली, तेव्हा सणाची बाजू मांडणाऱ्या पत्रकांतून हा म्हातारा बोलू लागला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये तर १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. अमेरिकन सांता इंग्लंडात पोहोचल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दोघे मिसळले.

आणि सगळीकडे म्हाताराच येतो असेही नाही. इटलीत ५ जानेवारीच्या रात्री बेफाना नावाची म्हातारी झाडूवर बसून येते. स्पेनमध्ये भेटी आणतात ते पूर्वेचे तीन राजे, ६ जानेवारीला. रशियात देद मोरोझ, म्हणजे थंडीआजोबा, नातीला घेऊन नववर्षाला येतो.

आमच्या घरी सांताचे प्रस्थ कधीच नव्हते. माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीत अहमदनगरहून बडोद्याला आले तेव्हा त्यांच्याबरोबर करंज्या, चकल्या आणि अनारशांचा नाताळचा फराळ आला, म्हातारा आला नाही. चोवीस तारखेच्या रात्री गाणी म्हणत घरोघर फिरणाऱ्या मंडळींत पेटी आणि ढोलकी असे, आणि सर्वांत शेवटी कुणीतरी नाताळबाबा होऊन लिमलेटच्या गोळ्या वाटत चाले. तो बहुधा ज्याला गाता येत नाही असा माणूस असे. पाळकसाहेबांना ते फारसे पसंत नव्हते, पण गोळ्या ते स्वतःही घेत.

जुनी_पाने

राहता राहिला ओडिन. या मताला अगदीच आधार नाही असे नाही. ओडिन लांब दाढीचा, हिवाळ्याच्या रात्री आकाशातून स्वारी नेणारा, आणि त्याच्या अनेक नावांपैकी एक नाव थेट उत्तरेकडील हिवाळी सणाच्या, यूलच्या, नावावरून पडलेले. त्याच्या घोड्याला आठ पाय होते, आणि रेनडिअर आठ आहेत, एवढ्यावर फॉरवर्ड लिहिणाऱ्यांचे समाधान होते. परंतु पहिल्यांदा आलेला रेनडिअर एकच होता हे तैलरंग यांनी वर सांगितलेच आहे; आठाचा आकडा नंतरच्या कवितेतला आहे. ओडिनविषयीच्या कथा आइसलँडमध्ये तेराव्या शतकात लिहून ठेवल्या गेल्या, आणि त्यांत मुलांनी त्याच्या घोड्यासाठी बुटात गवत ठेवल्याचा उल्लेख नाही. ते गवत अलीकडच्या लेखकांनी ठेवले आहे. उत्तरेच्या कडाक्याच्या थंडीत, मोठ्या रात्रीच्या दिवसांत, कातडी पांघरून घरोघर फिरण्याच्या चाली ख्रिस्ती धर्माहून जुन्या असाव्यात आणि नास्टच्या पेल्झनिकेलच्या अंगावरचे केस तिथून आले असावेत, एवढे मी मान्य करीन. दाढी सारखी असल्याने वंश सारखा ठरत नाही, नाहीतर आपल्या गल्लीतले निम्मे आजोबा विश्वामित्राचे निघतील.

दांडियाबाजारकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. हा सगळा धागा काल रात्री मी जावयांना वाचून दाखवला. रविवर्म्यांपाशी आल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि नंतर म्हणाले, की १९३१ हे साल तरी आपण बरोबर सांगितले होते. त्यांनी ते सांगितले नव्हते, पण जावई आहेत, मी मान हलवली.

चार वाक्ये नातवाने स्वतः निवडली, मी फक्त लिहून दिली. "माझे खरे नाव निकोलस आहे. मी मायरा नावाच्या गावात राहत होतो. मी रात्री खिडकीतून तीन मुलींच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. हे कपडे मला नंतर न्यूयॉर्कला मिळाले." शाळा इंग्रजी माध्यमाची असल्याने आता ती इंग्रजीत बसवायची आहेत, ते काम त्याच्या आईकडे दिले आहे. तीन थैल्या मी उरलेल्या साटीनच्या शिवल्या असून त्यांत शेंगदाणे भरले आहेत. दाढी वाळली, पण खळीच्या वासाने तिला काल मुंग्या लागल्या, तेव्हा आज नवा कापूस आणून यावेळी डिंकाने चिकटवते आहे.